मांडीची कातडी नडगीवर

कोल्हापूर

ती. स्व. गंगव्वा अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचं शरणु. संकेश्वरात सगळी खुशाल असाल आणि सुनेचं नि तुझं या आठवड्यात बरं चाललं असेल, असं धरून लिहितो.

माझ्या डाव्या नडगीवरची जखम तुला ठाऊकच आहे. (नसेल ठाऊक, तर मी सांगायला लागलो की तू कुकर बंद करायला जातेस म्हणून.) साखरेमुळं ती वर्षभर भरेना. हळद झाली, मलमं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मांडीची कातडी काढून इथं लावूया." आधी जखम खरवडून लालभडक केली, मग मांडीवरची पापडापेक्षा पातळ साल काढली, पसरावी म्हणून तिला जाळीगत भोकं पाडली आणि नडगीवर बसवली. झालं असं, की जखम गप्प पडली आणि ज्या मांडीला काही झालंच नव्हतं ती बोंबलायला लागली!

पण अक्का, दवाखान्यात बरं होतं. सिस्टर सारखी येऊन विचारायची, "आजोबा, दुखतंय काय?" दुखायचं थांबल्यावरही मी "व्हय" म्हणायचो, मग ती जरा जास्त वेळ थांबायची. तुझी भावजय गेल्यापासून एवढं कुणी विचारलं नव्हतं. पट्टी सोडली तर कातडी छान धरलेली, गुलाबी. डॉक्टर खूश. मी मात्र खट्टू, आता हे घरी सोडणार.

सोडलंच. इकडं शेजारच्या चिमणाबाईनं उठवलेलं, की माझ्या पायाला चपलेचं कातडं बसवलंय. गल्लीतले दोघं बघायला आले, "चालताना करकर वाजतंय काय ओ?" विचारून हसले. चहाला थांबा म्हटलं, पण त्यांना कामं होती. बंगळुराहून माझ्या बसवेशचा व्हिडिओ कॉल आला. त्याला पाय दाखवला. (कॅमेरा उलटा होता, त्याला छताचा पंखा दिसला.) "मस्त दिसतंय की अप्पा," म्हणाला आणि मीटिंगला गेला.

तेव्हा माझं उत्तम चाललंय. उगाच येण्याची दगदग करू नकोस.

तुझा,
भरमाप्पा

ता. क. सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "पाय उंच ठेवून पडून राहायचं. घरी करणारं कोण हाय?" मी म्हटलं, "अक्का हाय की." गुरुवारच्या पट्टीला त्यांनी तुला सोबत बोलावलंय.

आणखी एक. बुधवारीच आलीस तर बरं. तुझी गादी मी माळ्यावरनं काढून उन्हात टाकलीय. (हे डॉक्टरांना सांगू नकोस.)