हवालदाराने सलाम का सोडला

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. (साष्टांग नाही. राग उतरला की घालीन.) खुशालीचं खाली आहे. आधी झालं ते क्रमाने लिहिते, कारण फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीत.

१. तुम्ही लेकीकडे, म्हणजे ताईकडे, राहायला गेलात आणि जाताना तुमचा राखाडी पोपट हवालदार, पिंजऱ्यासकट, माझ्या घरी ठेवलात.
२. पोपटाच्या दोन्ही तळव्यांना फोड होते. एकावर काळी खपली होती.
३. मी त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.
४. त्याचे पाय बरे झाले.
५. पाय बरे होताच त्याने सलाम करणं सोडलं.
६. मावशी दुसऱ्यांदा आली (पहिल्यांदाचं खाली आहे), तिला सलाम मिळाला नाही, तिने तुम्हाला फोन लावला.
७. तुम्ही मला फोन करून म्हणालात की शिकवलेला पक्षी मी बिघडवला.

हे पत्र सातव्या मुद्द्यासाठी आहे. (एरवी मी तुम्हाला अरे-तुरे करते. आज 'तुम्ही' चाललंय ते आदरापोटी नाही.)

आता खुशाली. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. धरून चालते, कारण तब्येतीचं विचारलं की तुम्ही हवेचं सांगता. ताई आणि मुलं मजेत असतील. मी बरी आहे, उजव्या अंगठ्यावर चोचीची खूण सोडल्यास. हवालदारही बरा आहे, आणि तोच तर माझ्यावरचा आरोप आहे.

सलामापासून सुरू करू. आपल्या सगळ्या नात्यात हवालदाराची कीर्ती काय, तर दारात माणूस दिसलं की तो पाय उचलून छातीशी नेतो. तुम्ही "ताठ उभा राहा" म्हणायचात, तो पाय वर करायचा, तुम्ही त्याला सूर्यफुलाची बी द्यायचात आणि पाहुणे तुमच्याकडे बघायचे. मग तुम्ही मान जरा खाली घालून सांगायचात, फार काही नाही, धीर लागतो. कधी तो उजवा पाय उचलायचा, कधी डावा. त्यावरही तुमचं उत्तर तयार होतं, की वडीलधाऱ्यांना उजव्याने करतो. मामा, त्याचे पाय दुखत होते. पाहुण्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. माझ्याकडे आल्यावर त्याने फ्रिजला सलाम केला. बंद पंख्याला केला. वाळत घातलेल्या टॉवेलला तर एक अख्खी दुपार करत होता. (पक्षी एका पायावर झोपतात हे मलाही माहीत आहे. हा टक्क जागा होता आणि तापल्या तव्यावर उभा केल्यासारखा पाय बदलत होता.) तुमच्या घरीही तो दिवसभर हेच करत असणार. पाहुणे आले की तुमचं लक्ष जायचं, एवढाच फरक.

आता दांडी. पिंजऱ्यातली ती दांडी तुम्ही स्वतः लेथवर कातलीत. जन्मभर तुम्ही खुर्च्यांचे पाय आणि जिन्यांचे कठडे कातलेत, तेव्हा ती कशी असेल ते मी सांगायला नको. मी ती कामावर नेली आणि मोजली. (माझं काम बेअरिंग तपासण्याचं आहे हे तुम्ही दरवेळी विसरता. झिजलेला भाग माझ्या टेबलावर येतो आणि भार कुठे पडत होता ते मी सांगते.) दांडीची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक. लाकडात इतकं अचूक काम मी पाहिलेलं नाही. आमच्या साहेबांनी ती हातात घेऊन फिरवली आणि कारागीर कोण म्हणून विचारलं. आणि त्याच दांडीने पोपटाचे पाय खाल्ले. गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांडीवर तळव्याचा तोच एक ठिपका रात्रंदिवस दबत राहतो. आधी तिथली कातडी तुकतुकीत होते, मग लाल, मग फोड येतो, मग आत पू धरतो. झाडाची फांदी कुठे जाड, कुठे बारीक, कुठे वाकडी असते, म्हणून पाऊल पुढे टाकलं की भार दुसरीकडे जातो. त्यात तुमच्या बिया. पाय दुखला की पाय वर, पाय वर की बी, बी पोटात की वजन, आणि वजन कुठे, तर पुन्हा त्याच पायावर. असं यंत्र आमच्याकडे कोणी बनवलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी आत घेतलं नसतं.

इलाज सांगते, म्हणजे मी काय "बिघडवलं" ते कळेल. पोपटाला टॉवेलात गुंडाळायचं, पण छाती दाबायची नाही, नाहीतर त्याला श्वास घेता येत नाही. औषधाच्या कोमट पाण्यात पाय धरायचे. मलम, वर मऊ पट्टी. ती तो चोचीने सोडतो. पुन्हा पट्टी. तो तीही सोडतो आणि ती माझ्याकडे फेकतो. पिंजऱ्यात वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या, खाली रोज नवा कागद, बिया बंद, गाजर आणि पालेभाजी सुरू. (पहिलं गाजर माझ्या चष्म्यावर आलं.) पाण्यात पाय धरले की तो हुबेहूब तुमच्या आवाजात "आई गं, हळू" म्हणायचा. शेजारच्या काकू एकदा दार वाजवून विचारून गेल्या की घरात कोणी म्हातारं माणूस आहे का आणि मी त्याला काय करतेय.

अशात मावशी मदतीला आली. मी कामावर होते. तिला फांद्या म्हणजे कचरा वाटला, म्हणून तिने त्या काढून तुमची दांडी परत लावली. मग पक्ष्याची दया येऊन स्वतःच्या टाचांच्या भेगांचं मलम त्याच्या दोन्ही तळव्यांना चोपडलं. एवढी गुळगुळीत दांडी आणि त्यावर मलम. पुढचं सांगायला इंजिनियर लागत नाही. मी घरी आले तेव्हा हवालदार एका नखावर उलटा लोंबत होता आणि तिथून तुमच्या आवाजात "ताठ उभा राहा" म्हणत होता. मावशी कौतुकाने म्हणाली, "बघ, शिकवलेलं विसरला नाही हो." ते मलम पोटात गेलं तर पोपट दगावू शकतो, म्हणून मी त्याला तसाच उचलून दवाखान्यात धावले. तिथे एका कोंबडीच्या मालकासमोर मी बोलणी खाल्ली. मावशी बाहेर बाकावर बसून तुम्हाला फोन करत होती.

एवढं सगळं झाल्यावर पक्षी दोन पायांवर उभा राहतो, आणि तुम्ही मला काय म्हणता, तर "इतक्या वर्षांचं शिकवलेलं तू पुसलंस." हो, पुसलं. कापसाने.

पक्षी परत हवा असेल तर ती दांडी पिंजऱ्यात जाणार नाही, बिया मिळणार नाहीत, आणि मावशीसकट सगळ्यांना तुम्ही स्वतः सांगाल की तो सलाम नव्हता. मी सांगून पाहिलं. मावशी म्हणते की मला तुमचं कौतुक बघवत नाही.

कळावे.

तुमची भाची

ता. क. १: दांडी मी टाकलेली नाही. ती माझ्या कामाच्या टेबलावर आहे. साहेब आलेल्या माणसांना दाखवतात. वाकडी, कमीजास्त जाडीची दांडी तुम्हाला कातता येते का? येत असेल तर दोन लागतील. एक तुमच्याकडच्या पिंजऱ्यात, एक माझ्याकडच्या. तो मधूनमधून माझ्याकडे राहिला तर माझी हरकत नाही.

ता. क. २: हवालदाराचे तळवे आता कोरडे आहेत, पाण्यात पाय धरणं केव्हाच थांबलं. तरी तो "आई गं, हळू" म्हणतो. केव्हा म्हणतो ते मी पाहत राहिले. मी खुर्ची मागे सरकवून उठले, की म्हणतो. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पोपट स्वतःचं दुखणं लपवतो. बोलून दाखवतो ते ऐकलेलं असतं.

त्या घरात तू आणि तो, दोघंच होतात.

परवा व्हिडिओवर माझ्यावर ओरडताना तू टेबलाला धरून उभा होतास आणि तुझी डावी टाच वर होती. ताईला विचारलं तर म्हणाली, ती बाबांची सवयच आहे. मामा, जन्मभर तू लेथसमोर त्याच फरशीवर, त्याच पायावर भार टाकून उभा राहिलास. असला भार मी रोज बघते. सवय नाही ती. पाय डॉक्टरांना दाखव. ते काय म्हणाले ते मला गुरुवारपर्यंत कळव. हवेचं नको.