ओली फरशी

ता. ४, सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितो. पायाचं दुखणं कमी आहे ना? हिने सांगितलेला शेक खरंच घेतेस, की नुसतं हो म्हणतेस?

घर सुट्टीच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचं काम बरं चाललं आहे. जुने पाहुणे अकराला निघतात, नव्यांना दोनला दार उघडायचं. मधल्या वेळात चादरी, न्हाणीघर, फरशी. लोक दोनची वेळ वाचतात आणि सकाळीच बॅगा घेऊन दारात उभे राहतात. मग मला राहवत नाही. त्यांच्यासाठीच फाटकाजवळ बाक ठेवला आहे; म्हातारं माणूस असलं तर आवराआवर चालू असतानाच आत घेतो. त्यावरून तू मला भोळा सांब म्हणतेस.

आता मुद्दा. पुढल्या आठवड्यातल्या शनिवारचं बुकिंग एका मुलीने आपल्या आईवडिलांसाठी केलं आहे. नावं वाचली आणि हातातली चादर तशीच राहिली. हॉस्पिटलजवळ राहणारे आपले चुलतकाका आणि काकू! घर कोणाचं आहे हे त्यांना ठाऊक नाही. काकांचा निरोपही आला आहे: गाडी सकाळीच पोचते, बायकोचे गुडघे धरलेले असतात, लवकर आत घ्याल का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही. जपाला बसतो तर माळ हातात आणि डोळ्यांपुढे त्यांचा जिना. त्या दिवशी मी तिथे नव्हतो, तू होतीस. काय करू, ते तूच सांग.

तुझ्या मायेवर आणि रागावर सारखाच हक्क सांगणारा,
धाकटा

ता. ९, शनिवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाय बरा आहे. तुझं पत्र वाचून तर मी तरातरा घरभर फिरले.

काय करू म्हणून विचारतोस? आई ऑपरेशन होऊन सुटली, टाके ओले, परतीची गाडी संध्याकाळची. दुपारपुरतं पाठ टेकायला म्हणून त्यांच्याकडे गेलो. काकूंनी दार अर्धंच उघडलं, फरशी ओली आहे, वाळेपर्यंत बसा म्हणाल्या आणि लावून घेतलं. आतून कपबश्यांचे आवाज येत होते, हसणं ऐकू येत होतं. आमच्या गाडीची वेळ झाली तरी ती फरशी वाळली नाही. आई जिन्यावर पोट धरून बसली होती. उठताना मी तिला काखेत धरून उठवलं. त्यानंतर आपण त्या घराची पायरी चढलो नाही.

आणि आई? ती शेवटपर्यंत म्हणायची, ओली असेल गं, उगाच कोणाला नावं ठेवू नये. त्यावरून मी तिच्याशी भांडायचे. ते भांडण अर्धं टाकून ती गेली.

तेव्हा ऐक. दोन म्हणजे दोन. बाक मागच्या अंगणात नेऊन टाक. उत्तर त्यांच्याच शब्दांत दे: फरशी ओली आहे, वाळेपर्यंत बसा. वर एक अक्षर नको. आधी दार उघडलंस तर मला पुन्हा पत्र घालू नकोस. आलं तरी मी फोडणार नाही.

देव तुला थोडा कठोरपणा देवो. बाकी सगळं त्याने तुला दिलंच आहे.

तुझी ताई

ता. १७, रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दार दोनलाच उघडलं. आधी हे लिहितो, म्हणजे तू पुढचं वाचशील.

घोटाळा असा झाला की आधीचे पाहुणे शुक्रवारीच गेले होते. शनिवारी सकाळी घर लख्ख तयार. फरशी ओली आहे असं खोटं लिहायला बोट धजेना. म्हणून ती कोरडी फरशी मी बादलीभर पाणी घेऊन पुन्हा पुसली, पंखे बंद ठेवले आणि मग तो निरोप पाठवला. वाळायला लागली की परत फडकं. हिने दारातून पाहिलं आणि देवाला फसवायला एवढं पाणी लागतं होय, असं विचारून गेली.

काकू पायरीवर बसल्या. काका फाटकाशी येरझाऱ्या घालत मुलीला फोनवर सांगत होते की घरमालक एक नंबरचा माजोरडा आहे. मी पडद्याआडून पाहत होतो. ताई, गोड वाटत होतं. आईचं नाव घेऊन पाहत होतो आणि गोड वाटत होतं.

मग काकूंनी काकांच्या हातून फोन घेतला. निरोप वाचला, पुन्हा वाचला आणि मान वर करून थेट खिडकीकडे पाहिलं. समोरच्या दुकानदाराने खुर्ची आणून दिली, ती त्यांनी परत पाठवली. उन्हातून हलल्या नाहीत. तिथून पुढे मला गोड वाटेनासं झालं. पण दार मी उघडलं नाही.

दोनला उघडलं तसे काका तणतणत आत शिरले, ओल्या फरशीवर बुटांचे ठसे उमटवत. मी कोणाचा मुलगा ते सांगितलं. जिन्याचंही सांगितलं. त्यांना काही म्हणजे काही आठवलं नाही. कुठला जिना, असं मलाच विचारलं. काकू पायरीवरूनच म्हणाल्या की त्या दिवशी फरशी कोरडी होती. घरात बडे पाहुणे होते आणि आईच्या कपड्यांना औषधाचा वास येत होता. माफी मागितली नाही. तू कशी आहेस ते मात्र विचारलं. मी काही सांगितलं नाही.

काकूंना उठता येईना. काका आत पंख्याचं बटण शोधत होते. ताई, मी हात दिला. आता तुला हवं ते म्हण.

पत्र फोडलंस तर तसं कळव, तोवर मन थाऱ्यावर नाही.

तुझा
धाकटा

ता. २२, शुक्रवार

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, रागासकट.

पत्र फोडलं.

कोरडी होती. आईच्या फोटोपुढे उभी राहून मोठ्याने सांगून आले. ती काही बोलली नाही. असताना तरी माझं कुठे ऐकायची. वाटलं होतं, हे कळलं की जीव गार होईल. तसा झाला नाही. पण माझंच खरं होतं, एवढं आता माझ्याकडे राहिलं.

हात दिलास ते मला आवडलं नाही. आईनेही दिला असता, हे मला समजवायला येऊ नकोस. ठाऊक आहे, म्हणूनच आवडलं नाही.

बाक होता तिथे आणून ठेव. दुसरं कोणी दमूनभागून येईल, त्याने आपलं काय घोडं मारलंय? आणि त्या दोघांनी पुन्हा बुकिंग केलं, तर आधी मला कळव. त्या दिवशी फरशी पुसायला मी येईन.

तुझीच, अजून न निवळलेली,
ताई