सानियाचा शरारा, माझं इंग्रजी

१२ जानेवारी, सोमवार
ठरलं. चोवीस वर्षं राहिलेला बारावीचा इंग्रजीचा पेपर यंदा काढायचाच. फॉर्म भरून झालाय. शिकवायला घरचीच सानिया, फी नाही. आठ फेब्रुवारीला तिची मंगनी, दहाला माझा पेपर. मंगनीचा शरारा मीच शिवणार. दहिवलीत याकूब टेलर असताना त्याची लेक दुसऱ्याच्या हातचं घालणार का? मोरपिशी कापड आलंय. मापं वहीत लिहिली. उद्या कापतो.

१५ जानेवारी
आज रिपोर्टेड स्पीच. दुसऱ्याचं बोलणं आपण नंतर सांगायचं तर त्यातली वेळ बदलते. नाऊचं देन, टुडेचं दॅट डे, टुमॉरोचं द नेक्स्ट डे. एकदम सोपं. दहापैकी तीन बरोबर आली. बाकी सात चुकली ती पेन बरोबर चालत नव्हतं म्हणून. अभ्यासात दिवस गेला, शरारा राहिला.

१९ जानेवारी
सकाळी: आज अभ्यास बंद. फक्त शरारा.
संध्याकाळी: कळंबच्या एका रिसॉर्टचे सोळा युनिफॉर्म आले. आल्या आल्या सगळ्या कापडांना कात्री लावली. हा माझा नियम. कापलेलं कापड गिऱ्हाईक दुसरीकडं नेत नाय, मग खुशाल 'उद्या या' म्हणावं. शराऱ्याला घाई नाय. घरचं काम कुठं पळतंय?

२४ जानेवारी
खतीजा म्हणते, मशीनवर बसलं की तुम्हाला पुस्तक आठवतं आणि पुस्तक उघडलं की मशीन. अशानं दोन्ही बुडणार म्हणते. बायकोला टाईम मॅनेजमेंट कळत नाय. दोन्ही राहिलं.

२९ जानेवारी
येस्टरडेचं काय होतं ते विसरलो. सानियाने सांगितलं, द डे बिफोर. मग विचारलं, अब्बा, शरारा कधी? म्हटलं, उद्या नक्की. ती म्हणाली, हेच वाक्य वहीत लिहून देते, सराव होईल. हुशार आहे पोरगी. माझ्यावर गेली.

२ फेब्रुवारी
फळीवर मोरपिशी कापड नाय. खतीजाला विचारलं. म्हणाली, सानियाने सकाळीच कर्जतला टेलर किशोर मास्तरकडं नेलं. अख्खंच्या अख्खं. नेणारच, कात्री कुठं लागली होती? रागावायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. बरं झालं म्हटलं, अभ्यासाला मोकळा झालो. पुस्तक उघडून तासभर बसलो. एक ओळ वाचली नाय.

८ फेब्रुवारी, रविवार
मंगनी झाली. दोन तास शराऱ्यात खोट शोधत होतो. सापडली नाय. फिटिंग अगदी अंगाबरोबर. मापं माझ्याच वहीतली होती म्हणून. नवऱ्याकडच्या बायकांनी सानियाला विचारलं, अब्बांनी शिवलाय ना? ती हो म्हणाली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो. फार वाईट वाटलं.

१० फेब्रुवारी
पेपर झाला. यंदाही जाणार, मला माहीत आहे. घरी येऊन वही उघडली. सानियाने दिलेलं वाक्य तसंच पडलेलं. अब्बा सेड, आय विल स्टिच इट टुमॉरो. सोडवलं. अब्बा सेड दॅट ही वुड स्टिच इट द नेक्स्ट डे. तिला दाखवलं. बरोबर आहे म्हणाली.
म्हटलं, आता निकाहचे कपडे मी शिवतो, आजच कापतो. ती खाली बघून म्हणाली, किशोर मास्तरला सांगून झालंय अब्बा. फक्त मापाची वही द्या.
दिली.