तीस हजारांपर्यंत मोजणारा खेळ

१२ जाने. ९७, रविवार
हेम्या बुधवारी पुण्याला गेला. नोकरी. आज भाविकच्या काकांच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही दोघंच. तिसरी खुर्ची तशीच.

नियम मात्र पाळला. एकाने आपला गेम लावायचा, दुसऱ्याने खेळायचा, बनवणाऱ्याने मागे उभं राहून तोंड बंद ठेवायचं. बोलेल त्याने चहा पाजायचा. नियम हेम्याचाच, आणि सगळ्यात जास्त चहा त्यानेच पाजले. भाविकला माझा 'धागा' दिला. लूमवर धागा तुटला की आडवा धागा नेणारा धोटा परत यायच्या आत गाठ मारायची, एवढाच खेळ. आबांना आयुष्यभर तेच करताना बघितलंय. भाविक जांभया देत खेळला. मी गप्प.

२ फेब्रु., रविवार
काकांनी रविवारी हिशेबाची बॅच लावली. गेमबिम बंद. भाविक म्हणाला, "पोतानी गेम पोते ज रमवानी, एमां शुं मजा?" आपलाच गेम आपणच खेळण्यात मजा नाही, खरंय मेल्याचं. कुठला धागा कधी तुटणार हे मला पाठ आहे, मला कसं कळणार गेम कसा आहे ते?

हेम्याचं पत्र आलं. ऑफिसात सगळी मशीन्स नवी कोरी, साहेब बरा, मेसचं वरण पाणचट. शेवटी, "धागा पूर्ण कर आणि पाठव. मी खेळणार."

८ फेब्रु.
पूर्ण! ऑफिसात साड्यांच्या बॉर्डरी काढते त्याच जुन्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत. 'हरलात' ही अक्षरंसुद्धा बॉर्डरीसारखी ठिपक्याठिपक्यांनी काढली. फ्लॉपी दोन पुठ्ठ्यांत घालून पोस्टात टाकली. सोबत चिठ्ठी नाही. मागे उभं राहून बोलायचं नाही म्हणजे नाही.

२० फेब्रु.
काही नाही.

१ मार्च
माय रोज विचारते, "चिठ्ठी उनी का व?" आज तिच्यावर खेकसले, आली असती तर सांगितलं नसतं का! मग दोघी जेवलो. पुण्याला जाऊन मोठा झाला लेकाचा! 'भंगार आहे' एवढं तरी लिहायचं.

आठवण येते त्याची. लिहून टाकलं, कोण वाचतंय.

१० मार्च, सोम.
ऑफिसात नवं मशीन आलं. शेठ जेवायला गेल्यावर 'धागा' लावला. लागला आणि लगेच 'हरलात'. बोट बटणावर जायच्या आत. परत लावला. हरलात. फ्लॉपी बिघडली म्हणून जुन्या मशीनवर घातली तर मस्त चालतोय.

मग डोक्यात प्रकाश पडला. धोटा हळू चालावा म्हणून दर पावलाला मशीनला एकपासून तीस हजार मोजायला लावलंय. जुनं बिचारं दमून दमून मोजायचं. नवं डोळ्याची पापणी लवायच्या आत मोजून मोकळं.

हेम्याकडे सगळी नवीच मशीन्स. म्हणजे त्याला नुसतं 'हरलात' दिसलं. वर चिठ्ठी नाही, दोन ओळी नाहीत. काय वाटलं असेल त्याला? अगं रेखे, अक्कल काय गहाण टाकली होतीस?

१३ मार्च
आता मशीनचं घड्याळ बघून धोटा चालतो, मोजणी काढून टाकली. दोन्हीकडे सारखाच. नवी फ्लॉपी पाठवली. या वेळी नियम मोडला. चार पानं लिहिली. चूक सांगितली, तिसरी खुर्ची सांगितली, चहा माझ्याकडे लागला असंही सांगितलं. पेटीत टाकल्यावर वाटलं, एक पान कमी चाललं असतं.

२२ मार्च, शनि.
घरी आले तर माय दारातच. "उनी!"

दोन पुठ्ठे, मधे फ्लॉपी. पत्ता हेम्याच्या अक्षरात. चिठ्ठी नाही. पाकीट उलटं करून झटकलं, उजेडात धरलं. लेबल कोरं. माझीच परत पाठवली की त्याने काही नवीन केलंय, कळायला मार्ग नाही. माझी चार पानं मिळाली की नाही, तेही नाही.

घरात मशीन नाही. ऑफिस होळीचं बंद, मंगळवारी उघडेल. भाविकच्या क्लासाला कुलूप, सगळे गावी.

माय शेजारी येऊन बसली. फ्लॉपी हातात घेऊन दोन्हीकडून बघितली, पुसली.
"काय म्हनस तो?"
"मंगळवारी सांगते."
तिने ती देवापाशी नेऊन ठेवली. मी दोनदा उठून बघून आले.