पाठमोरा जावई

३ मार्च
झाले एकदाची! महिन्यातून एकदा आमच्या या आडरानातल्या आदिवासी वस्तीत विमानाने कोर्ट येतं, त्याची दुभाषी — मी! आजवर आमची पोरं गोऱ्यांच्या प्रत्येक प्रश्नाला कळो न कळो 'हो' म्हणत तुरुंगात गेली. मोठ्यांना 'नाही' म्हणायचं नसतं ना आमच्यात.
जावयाचे काका, वॉली व्याही, म्हणाले, "बघा, विहीणबाई आता इंग्रजीतून झापणार!"

९ मार्च
माझ्या रोझलिनच्या नवऱ्याला पोलिसांनी उचललं. आजारी आजीला दवाखान्यात नेत होता, लायसन्स नव्हतं. पोलिसाला ढकललं म्हणे.
"त्याने हातही लावला नाही, आई. तू आहेस ना तिथे? सुटेल ना?"
लेकीला काय सांगू? आमच्यात सासू-जावयाने एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही. एवढ्या वर्षांत त्याचा चेहरा मी धड पाहिलेला नाही. पण शिकारीहून आला की कांगारूचं शेपूट आधी माझ्याकडे पाठवतो. गुणी पोर!

१७ मार्च
तोडगा मीच काढला होता. जावई काकांना, म्हणजे वॉलींना सांगेल, वॉली मला, मी कोर्टाला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "हा कानगोष्टींचा खेळ नाही. दुभाषी समोर आहे, बोला."
जावयाशी थेट कशी बोलू? मी मान खाली घातली. मी समोर, म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं. मग त्या इंग्रजीतच विचारत सुटल्या.
"पोलिसाला ढकललंस?" — "हो."
"प्यायला होतास?" — "हो."
दारूला कधी शिवत नाही तो!
"कोर्टाकडे पाठ करतो! पश्चात्तापाचा लवलेश नाही." सहा महिने.
मी उठून ओरडले — "पाठ माझ्याकडे आहे! माझा मान राखतोय तो!"
"दुभाष्याने विचारलं तेवढंच बोलावं."

१८ मार्च
रोझलिन माझ्याशी बोलत नाही.

२ एप्रिल
चुलीपाशी नुसती बसून राहिले. वॉली आले, चेष्टा न करता चहा पिऊन गेले. फार अपराधी वाटतं.

२१ एप्रिल
तुरुंगातून फोन आला. काल त्याच्या छातीत दुखत होतं. पहारेकऱ्याने विचारलं, "बरा आहेस ना?"
'हो' म्हणाला.

२२ एप्रिल
गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. मी तर त्याचं कधी घेतलंच नव्हतं. आता रोझलिनही घेणार नाही.