तीन ताटांची पोर

अहो,

लाँड्रीत आज लवकर बोलावलंय, निघते. शाळेच्या डॉक्टरांचा कागद फ्रिजवर लावलाय. वाचा, तुमच्या बाबांनाही वाचून दाखवा. नऊ वर्षांच्या पोरीचं वजन एवढं कसं, म्हणून काल शाळेत डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. मी म्हटलं, बिस्किटांचा डबासुद्धा कुलपात ठेवते, अजून काय करू? मग त्यांनी तिलाच विचारलं. तर बाईसाहेब म्हणाल्या, "संध्याकाळी मी तीनदा जेवते." सहाला आजोबांबरोबर, ते देवळात गेले की साडेसातला माझ्याबरोबर, मी झोपले की नऊला तुमच्याबरोबर! आणि आपण तिघंही, पोर आपल्यासाठीच थांबलीय या समजुतीत, आग्रह करकरून वाढतोय.

घरी येताना वाटेत खडसावलं, "पोट भरलंय म्हणून सांगायला काय झालं होतं?" तर म्हणते, "मी नाही बसले की तुम्ही सगळे अर्ध्या ताटावरून उठता."

रागाच्या भरात सांगून टाकलं, उद्यापासून एकदाच, आजोबांबरोबर. तेव्हा विचारते, "मग आई, तू कोणाबरोबर जेवशील?"

तुम्हाला उत्तर सुचलं तर याच चिठ्ठीमागे लिहून ठेवा.