सावड मोडली

३ मे १९९८, हरसूलजवळ
ओढ्यावरचा बंधारा अजून गुडघ्याएवढाच. वरचा पाडा, खालचा पाडा, सगळे मिळून दगड वाहतात. गप्पा, तंबाखू, पुन्हा गप्पा. पावसाआधी काही होत नाही. शाळेतल्यासारखी चुरस लावून पाहावी. मधोमध चुन्याची खूण. अर्धा वरच्यांचा, अर्धा खालच्यांचा. आधी संपवेल त्याला ढाल. नाशिकला घरी जाईन तेव्हा आणतो.

१२ मे
दोन्ही पाडे उजाडायच्या आत कामावर! कोण किती पुढे, ते मी रोज शाळेच्या फळ्यावर लिहितो. माझी छाती फुगली. खोटं कशाला लिहू.

१७ मे
वरचा पाडा जिंकला. पण मध्ये हातभर फट. दोघेही खुणेच्या जरा अलीकडे थांबलेले. वरच्या पाड्याच्या शंकरदादांना म्हटलं, एवढी बुजवा की.
"तिला बी ढाल हाय का, गुरुजी?"
सगळे हसले. मीही. मग फट मीच भरली.

९ जुलै
भाताची आवणी सुरू. दरसाल दोन्ही पाडे मिळून एकेकाचं शेत लावतात. सावड म्हणतात तिला. यंदा वरचे वरच्यांचं, खालचे खालच्यांचं. खाली माणसं कमी. त्यातली सोनूबाई विधवा, तिची पाळी शेवटी. तोवर रोप टिकेल का...

१४ जुलै
शंकरदादांकडे गेलो. सोनूबाईच्या आवणीला या म्हटलं. "बोलावल्याबिगर कसं जायाचं?"
सोनूबाईकडे गेलो. "आजवर कधी बोलावलं का कुनाला? आपसूक यायचे. ढाल नाचवत माझ्या दारावरनं गेले. आता मीच पाया पडू?"
जो आधी बोलेल तो हरला. ही रीत इथली नव्हे. मी आणली.
'चूक माझी' असं दोघांना सांगायचं ठरवून निघालो होतो. दोन्हीकडे चहा पिऊन आलो.

१७ जुलै
शाळा सुटल्यावर सोनूबाईच्या चिखलात उतरलो. खालच्या पाड्याचे अजून दुसऱ्यांच्या शेतात. माझी ओळ वाकडी, रोपं तरंगतात. ती मागून येऊन पुन्हा खोचते.
"गुरुजी, तुमच्या हातानं आवणी दिवाळीला सरंल."
रोप पिवळं पडायला लागलंय. अर्ध्याहून जास्त शेत मोकळं.
शंकरदादा वरच्या वाटेवर येऊन थांबले. पुढे गेले नाहीत, खाली उतरलेही नाहीत. सोनूबाईने एकदा पाहिलं, पुन्हा वाकली.
"हाक मारू?" मी विचारलं.
"मारा की. माझ्या नावानं नको."
माझ्या नावाने मारता आली असती. दोन शब्दांचं काम. "दादा" एवढंच निघालं, तेही इतकं हळू की त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. अंधारून आल्यावर मी खोलीवर आलो. तेव्हाही ते तिथेच होते.